पंधरा हजारांचा फोन आणि आपलं शिवार

दिवाळी आली की मला दोन प्रश्न हमखास येतात. एक, अनुदान कधी पडणार? दोन, फोन कोणता घ्यावा?

पहिल्याचं उत्तर माझ्याकडं नाही. दुसऱ्याचं थोडंफार आहे, कारण या गुढीपाडव्याला मी स्वतः नवीन फोन घेतला. जुना चार वर्षं चालला, मग बातमी टाईप करता करता बंद पडायला लागला. आमचा सगळा धंदाच फोनवर आहे. बातमी त्याच्यावर लिहायची, फोटो त्याच्यावर काढायचे, व्हिडिओ त्याच्यावरूनच पाठवायचा. म्हणून १४,९९९ रुपये मोजले. आता साडेसहा महिने झाले. उन्हाळा बघितला, पूर बघितला, तुळजापूरची गर्दी बघितली. एवढ्या अनुभवावर बोलायला हरकत नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. फुकट जाहिरात करायची नाही आणि बदनामीही नाही. तसंही या किमतीतले फोन एकमेकांचे सख्खे भाऊच आहेत. पाठीवरचा रंग तेवढा वेगळा.

आधी किमतीचं बोलू. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये होता. तो मिळाला असं धरलं तर हा फोन म्हणजे पावणेतीन क्विंटलच्या वर सोयाबीन. पण २०२५ च्या दिवाळीत बाजारात चार हजाराच्या आसपासच भाव निघत होता. त्या हिशोबाने पावणेचार क्विंटल. मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, फोनवरचा १८ टक्के आहे तिथेच राहिला. म्हणजे दुकानदार "जीएसटी कमी झाला" म्हणून फोन स्वस्त सांगत असेल तर त्याला हसून नमस्कार करा.

आता चांगलं काय ते सांगतो.

पहिली बॅटरी. ६,००० एमएएचची आहे. सकाळी सातला काढला की रात्री अकरापर्यंत चार्जर लागत नाही, आणि मी दिवसभर फोनवरच असतो. याची खरी किंमत सप्टेंबरात कळली. सीनेला पूर आला तेव्हा परंडा तालुक्यात फिरत होतो. आमच्या चुलतभावाचं रान त्याच पट्ट्यात आहे. गावात लाईट नव्हती. उजेड कमी केला, डेटा बंद ठेवला, फोन करायचा तेवढाच केला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन जिवंत होता. गावातली पोरं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन लावून बसली होती.

पण खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त कामाला आला तो भावाच्या आईचा साधा बटणाचा फोन. हजार-बाराशे रुपयांचा. तीन दिवसांनीही त्यात एक काडी बॅटरी शिल्लक होती. स्मार्टफोन घ्या, पण घरातला बटणाचा फोन भंगारात देऊ नका.

दुसरं ५जी. शहरात झकास चालतं. कोजागरीच्या गर्दीत तुळजापुरातून एक व्हिडिओ पाठवायचा होता. ४जीवर तो गोल गोल फिरत राहिला, ५जीवर अर्ध्या मिनिटात गेला. पण गाव सोडून दहा-पंधरा किलोमीटर बालाघाटाच्या डोंगराकडे निघालं की वेगळीच गंमत. टॉवर लांब असला की फोन सारखा रेंज शोधत राहतो, त्यासाठी जास्त ताकद लावतो, खिशातच गरम होतो आणि बॅटरी गिळतो. तुमचं घर रानात असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ४जीवर ठेवा. ५जीच्या नावाने दोन हजार जास्त द्यायचे का, हे आधी आपल्या गावात, आपल्या घराच्या ओट्यावर रेंज बघून ठरवा.

तिसरा कॅमेरा. दिवसा एक नंबर. फोटो स्वच्छ येतो, ठिकाणाची नोंद बरोबर येते. रात्रीच्या सभेत मात्र पुढाऱ्याचा चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा दिसतो. आणि पाठीमागं जे दोन-तीन गोल दिसतात ना, त्यातला एकच खरा कामाचा. बाकीचा २ मेगापिक्सेलचा शोभेला लावलेला. दुकानात "तीन कॅमेरे आहेत" म्हणून पैसे वाढवून सांगितले तर फसू नका.

आता दुखणं.

पहिलं दुखणं ऊन. जाहिरातीतला फोन कायम एसी खोलीत असतो. आपला फोन असतो बांधावर. मे महिन्यात एका गावात टँकरची बातमी करायला गेलो. दुपारचे दोन वाजलेले. स्क्रीनवर काय दिसतंय ते कळेना. डोक्यावर गमजा घेऊन, अंधार करून फोटो काढले. पाच-सहा मिनिटं व्हिडिओ घेतला तर फोनच म्हणाला, मी तापलोय, कॅमेरा बंद करतो. भर बातमीत! पत्रकाराचं एक वेळ ठीक आहे. पण हेच ई-पीक पाहणीचा फोटो काढताना शेतकऱ्याचं होतं, तेव्हा त्याचं काम अडतं.

दुसरं दुखणं आकड्यांचा खेळ. डब्यावर लिहिलंय "१६ जीबी रॅम". आत बघितलं तर ८ जीबी खरी, आणि ८ जीबी साठवणीतून उसनी घेतलेली. उसन्या पैलवानावर कुस्ती जिंकता येत नाही. स्वस्त फोनमध्ये तर ४ खरी आणि ४ उसनी असते. विचारायचं एवढंच, खरी किती?

तिसरं दुखणं मला सगळ्यात जास्त खुपतं. फोन नवा कोरा उघडला तर आत आधीच पंधरा-वीस ॲप भरलेली. गेम, खरेदी, आणि "दहा मिनिटांत कर्ज". स्क्रीन उघडायच्या आधीच जाहिरात. आपण पैसे देऊन घेतलेल्या फोनवर दुसराच कुणीतरी फलक लावून बसलाय. माझ्यासारखा माणूस ते शोधून बंद करतो. पण ज्याचं सोयाबीन पाण्यात गेलंय, ज्याला रब्बीचं बियाणं घ्यायचंय, त्याच्या फोनवर रात्री दहाला "तुम्हाला ५०,००० मंजूर" असा निरोप आला तर तो दाबणारच. कर्ज देणारं ॲप कुणाचं, व्याज किती, वसुली कशी, काही पत्ता नाही. फोन घेतल्यावर पहिल्याच दिवशी घरातल्या शिकलेल्या पोराला बसवा आणि ही सगळी अडगळ काढून टाका. काही ॲप काढता येत नाहीत, ती निदान बंद करता येतात.

चौथं, अपडेट. फोन हा ट्रॅक्टर नाही, की तेल-पाणी केलं आणि वीस वर्षं चालला. कंपनी काही वर्षं सुरक्षेचे अपडेट देते, मग हात वर करते. त्यानंतर हळूहळू बँकेची ॲप म्हणायला लागतात, तुमचा फोन जुना झाला. आणि ही वर्षं मोजली जातात फोन बाजारात आल्यापासून, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. म्हणून सेलमध्ये दोन हजारांनी स्वस्त मिळणारा दोन वर्षांपूर्वीचा फोन खरं तर महाग पडतो. त्याचं निम्मं आयुष्य गोदामातच गेलेलं असतं.

पाचवं, दुरुस्ती. ऑगस्टमध्ये माझ्या हातून फोन पडला. फोल्डर, म्हणजे काच आणि स्क्रीन एकत्र, बदलायला अधिकृत ठिकाणी फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा खर्च सांगितला. तेही सोलापूरला जा, फोन ठेवा, चार दिवसांनी या. एसटीचं तिकीट वेगळं. शेवटी आपल्याच गावातल्या पोराकडून बदलून घेतला. स्वस्तात झाला, पण स्क्रीन पहिल्यासारखी राहिली नाही. डब्यावर "पाण्यापासून संरक्षण" असंही लिहिलेलं असतं. आयपी ६४ म्हणजे पावसाचे शिंतोडे चालतील, एवढंच. हौदात पडला तर संपला. आणि पाणी गेलेलं असेल तर वॉरंटी बहुतेक कंपन्या नाकारतात.

हे झालं फोनचं. इथं थांबलो असतो तर ही पोस्ट नेहमीसारखी फोनची चिकित्सा झाली असती. पण गेले काही महिने एक गोष्ट डोक्यात फिरतेय, ती लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

पूर्वी फोन ही हौस होती. आज आपल्या जिल्ह्यात फोन घेतला जातो तो सरकारच्या दारात उभं राहायला. पिकाची नोंद करायची, फोन. शेतकरी ओळख क्रमांक काढायचा, फोनवर ओटीपी. लाडक्या बहिणीची २०२५ ची ई-केवायसी, फोनवर ओटीपी, तोही बाईचा वेगळा आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचा वेगळा. आमच्या आत्याचं उदाहरण घ्या. तिचा आधार जोडलाय मुलाच्या नंबरला. मुलगा पुण्यात कंपनीत कामाला. ओटीपी जातो पुण्याला. तो पाळीवर असताना फोन लॉकरमध्ये. तो जेवायला बाहेर येऊन ओटीपी सांगेपर्यंत मुदत संपलेली. आत्याने तीन दिवस सेतू केंद्राच्या चकरा मारल्या. आणि जिचा नवरा नाही, वडीलही नाहीत, तिनं तेव्हा दुसरा ओटीपी कुणाचा आणायचा होता?

मी फोनच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. डिजिटल सहीचा सातबारा आज १५ रुपयांत घरबसल्या निघतो. तलाठ्याच्या दारात बसून दिवस मोडलेली माणसं मी पाहिलीत, त्यांना याची किंमत विचारा. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हा मीही तिचं स्वागत केलं होतं. कुणीतरी कार्यालयात बसून अंदाजाने पीक लिहिण्यापेक्षा शेतकऱ्याने स्वतः उभं राहून लिहिलेलं केव्हाही बरं. या पुरानंतर पाहणी दौऱ्यात मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की पंचनाम्याला मोबाईलवरचे फोटोही ग्राह्य धरू. चांगलंच झालं. चुलतभावानेही वाहून गेलेल्या रानाचे फोटो काढले, आणि ते त्याच्याकडं आहेत.

पण फोन हाच पुरावा ठरला, की ज्याच्याकडं फोन नाही तो खोटा ठरतो. आणि हे मी हवेत बोलत नाही. आपल्याच जिल्ह्यात घडलंय.

२०२० चा खरीप आठवा. काढणीच्या वेळेला पाऊस झाला, सोयाबीन रानातच सडलं. विम्याचा हप्ता भरलेला होता. नियम असा की नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कंपनीला कळवायचं. ज्यांनी कळवलं त्यांना पैसे मिळाले. ज्यांनी कळवलं नाही अशा साडेतीन लाखांहून जास्त शेतकऱ्यांना कंपनीने नाही म्हटलं. पाऊस दोघांच्याही रानात तोच पडला होता! शेतकरी कोर्टात गेले. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. मग ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथं कंपनीला २०० कोटी रुपये जमा करायला सांगितलं. म्हणजे ज्या तक्रारीला फोनवर दहा मिनिटं लागली असती, ती न केल्याची शिक्षा म्हणून माणसांनी दोन-दोन वर्षं कोर्टाच्या तारखा मोजल्या.

त्या वेळी आम्ही गावोगाव फिरून विचारलं होतं, का नाही कळवलं? उत्तरं साधी होती. फोन साधा होता. रेंज नव्हती. ७२ तासांचं माहीतच नव्हतं. पोरगा मुंबईला होता. यातलं एकही उत्तर आळशी माणसाचं नाही.

फोनचा सगळ्यात प्रामाणिक निवाडा माझ्या आठवणीत कुठल्या यूट्यूबवाल्याने दिलेला नाही. तो दिला आपल्या अंगणवाडी ताईंनी. पोषणाची माहिती भरायला सरकारने त्यांना फोन दिले होते. २ जीबी रॅमचे. ते तापायचे, अडकायचे, बंद पडायचे. दुरुस्तीचा खर्च ताईंच्या माथी. त्यात २०२१ मध्ये नवीन पोषण ट्रॅकर ॲप आलं, ते त्या फोनला झेपेना, आणि वर इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन गोळा करून सरकारला परत केले. "आम्हाला फोन नको" असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, काम सांगताय ते होईल असा फोन द्या आणि आम्हाला वाचता येईल अशा भाषेत ॲप द्या. जुलै २०२५ पासून त्याच ॲपवर पोषण आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा ओळखायची अट आलीय. जुना फोन, अंधारी खोली आणि कडेवर रडणारं लेकरू. कसं करत असतील, विचार करा.

ताईंनी तेव्हा जे मागितलं तेच आज सगळ्यांसाठी मागायची वेळ आलीय. सरकारला माझं म्हणणं तीन गोष्टींचं आहे.

एक, कुठलंही सरकारी ॲप लोकांच्या हातात द्यायच्या आधी ते तीन-चार वर्षं जुन्या, सात-आठ हजारांच्या फोनवर, दुपारच्या उन्हात, गावाच्या रेंजवर चालवून बघा. मंत्रालयातल्या वायफायवर नको. दोन, ज्या दिवशी सर्व्हर बंद असेल तो दिवस मुदतीतून वजा करा. २०२५ मध्ये पीक पाहणीला मुदत वाढवून दिली, बरं झालं. पण ती मेहेरबानी म्हणून मिळायला नको, नियम म्हणून मिळायला हवी. तीन, प्रत्येक ग्रामपंचायतीत एक टेबल, एक चालू फोन आणि एक माणूस ठेवा, जो हे सगळं फुकट करून देईल आणि केल्याची पावती देईल. पीक पाहणीला सहायक नेमलेत, तोच मार्ग बाकीच्या योजनांना का नाही? ज्याच्याकडं फोन नाही त्याचा अर्ज कागदावर घेतलाच पाहिजे.

काहीजण म्हणतील, अहो आता कुणाकडं फोन नाही? चहाच्या टपरीवर सगळेच रील बघत बसलेत. बरोबर आहे. पण घरात एक फोन आणि माणसं पाच. तो एक फोन पोराबरोबर बाहेर गेला की घरातली आई, आजी, सून, सगळ्या एकदम बिनफोनच्या होतात. आणि रील बघता येणं वेगळं, इंग्रजी अर्जात तीन ओटीपी भरणं वेगळं.

आता ज्यांना दिवाळीत घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

दुकानात फोन हातात घेतला की दाराबाहेर उन्हात या आणि स्क्रीन वाचता येते का बघा. दुकानदाराला तीनच प्रश्न विचारा. हा बाजारात कधी आला, अपडेट किती वर्षं मिळणार, आणि फोल्डर फुटला तर खर्च किती व कुठे? उत्तर गोलमाल आलं तर पुढच्या दुकानात जा. पक्कं बिल घ्या. *#०६# दाबलं की स्क्रीनवर आयएमईआय नंबर येतो, तो बिलाशी जुळवा आणि वहीत लिहून ठेवा. फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन संचार साथी पोर्टलवर त्याच नंबरने तो बंद करता येतो. तुळजापूरच्या गर्दीत फोन गेलेले किती जण मला भेटतात, आणि नंबर विचारला की आकाशाकडे बघतात! आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरातल्या बाईच्या आधारला तिचाच नंबर जोडा. सिम तिच्याच ताब्यात राहू द्या.

परवा चुलतभावाचा फोन आला होता. "दादा, तुझ्यासारखाच घेऊ का? दुकानदार हप्त्यावर देतोय, आत्ता काहीच भरायचं नाही म्हणतोय." त्याचं सोयाबीन गेलंय, बांधाची मातीसुद्धा वाहून गेलीय. जुना फोन तीन वर्षांचा आहे. चालतो, फक्त बॅटरी टिकत नाही.

मी म्हटलं, बाबा, नको घेऊस. आठ-नऊशे रुपयांत बॅटरी बदल. आतले नको ते व्हिडिओ काढून टाक, फोन हलका होईल. रानाचे फोटो आधी वहिनीच्या फोनवरही पाठवून ठेव, एकाच ठिकाणी ठेवू नकोस. हप्त्यावर घ्यायचंच असेल तर आधी हरभऱ्याचं बियाणं घे.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ते पुढच्या वेळेस ॲप या फोनवर नाही चाललं तर?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते ज्यांच्याकडं असायला हवं, त्यांच्यासाठीच ही पोस्ट लिहिली. तुमच्या गावात ओटीपीमुळे, सर्व्हरमुळे किंवा फोनमुळे कुणाचं काम अडलेलं असेल तर गाव, योजना आणि तारीख एवढं मला कळवा. आधारचा नंबर आणि ओटीपी मात्र मलाही पाठवू नका. यादी करतो आणि जिल्हाधिकारी कार्यालयात घेऊन जातो.

शुभ दीपावली. पुरात ज्यांचं गेलं त्यांच्या घरीही चार पणत्या लागाव्यात, एवढं आपण सगळे मिळून बघू.